एक गिटार, एक गळा: आवडत्या गीतकार-गायकाची एकट्याची मैफल ऐकायला जाताना

तिसरं गाणं संपलं तेव्हा माझ्या धाकट्या मावसबहिणीनं कानाशी येऊन विचारलं, “दादा, बाकीचे कधी येणार?” बाकीचे म्हणजे ड्रमवाला, बासवाला, कीबोर्डवाला. कोणी येणार नव्हतं. स्टेजवर एक स्टूल, दोन माइक, पाण्याची बाटली, दोन गिटारी आणि ज्याची गाणी ती दोन वर्षं हेडफोनमधून ऐकत होती तो माणूस, एवढंच होतं. तिचा चेहरा स्पष्ट सांगत होता की आपण अर्ध्या मालाचे पूर्ण पैसे दिले. सातव्या गाण्याच्या सुमाराला तिनं पॉपकॉर्नचा पुडा खुर्चीखाली सरकवला. तो तिथंच राहिल्याचं आम्हाला घरी पोचल्यावर आठवलं.

तेव्हापासून अशा मैफलींना कुणाला नेताना मी आधी थोडी तयारी करून घेतो. स्वतः गाणी लिहिणारा, त्यांना चाली लावणारा आणि ती एकट्यानं गिटारवर गाणारा कलाकार ऐकणं हा वेगळा प्रकार आहे. तसा आपल्याला तो अगदीच परका नाही. वामनदादा कर्डकांसारखे (१९२२–२००४) लोककवी स्वतः लिहायचे आणि गावोगाव स्वतःच गायचे. संदीप खरे स्वतःच्या कविता स्वतःच्या चालीत गातो, तेव्हा नाट्यगृहं भरतात. पण गिटारवरच्या मैफलीला जाताना आपण बैठकीच्या, संगीत नाटकाच्या आणि ऑर्केस्ट्राच्या सवयी सोबत घेऊन जातो. त्यातल्या काही तिथं फार उपयोगी पडतात, काही घात करतात. कुठली कधी वापरायची, हाच या लेखाचा विषय.

आधी जाहिरात नीट वाचा

‘अनप्लग्ड’, म्हणजे विजेच्या वाद्यांशिवाय, या शब्दावर विसंबू नका. एमटीव्ही या संगीत वाहिनीचा त्या नावाचा कार्यक्रम १९८९ मध्ये सुरू झाला आणि शब्द जगभर पसरला. पण त्यातले बरेच कार्यक्रम भरल्या ताफ्याचे होते. निर्वाणा या अमेरिकी रॉक बँडचं नोव्हेंबर १९९३ मधलं प्रसिद्ध ध्वनिमुद्रण घ्या. त्यात ड्रम आहे, चेलो आहे, जादा गिटारवादक आहे आणि गायक कर्ट कोबेनची गिटारसुद्धा अँप्लिफायरमधून येते. ‘इंटिमेट’, ‘स्ट्रिप्ड डाउन’ हे शब्द त्याहून सैल. त्यांचा अर्थ दोन माणसं असाही होतो आणि पाच असाही.

तुम्हाला हवाय तो शब्द ‘सोलो’, म्हणजे एकट्याचा. तो जाहिरातीत नसेल तर कलाकाराच्या इन्स्टाग्रामवर त्याच दौऱ्यातल्या आधीच्या शहराचे फोटो बघा. स्टेजवर किती माइक-स्टँड उभे आहेत ते मोजलं की उत्तर मिळतं. काहींचा कार्यक्रम अर्धा-अर्धा असतो. अमेरिकी गीतकार-गायक बॉब डिलननं १९६६ च्या दौऱ्यात पूर्वार्ध एकट्यानं गिटार-माउथ ऑर्गनवर आणि उत्तरार्ध विजेच्या वाद्यांच्या बँडसोबत असाच बेत ठेवला होता. उत्तरार्ध सुरू झाला की काही श्रोते चक्क हुर्यो उडवायचे. १७ मे १९६६ ला मँचेस्टरमध्ये एकानं त्याला ‘जुडास’, म्हणजे विश्वासघातकी म्हणून हाक मारली. आपण काय ऐकायला आलोय हे माहीत असलं की अशी वेळ येत नाही.

मग जागा बघा. गायक कोण याइतकंच ते गाणं कुठे होतंय हे महत्त्वाचं. आपल्याकडे अशा मैफली साधारण चार ठिकाणी होतात: नाट्यगृहात, बार-कॅफेमध्ये, मोकळ्या मैदानावरच्या महोत्सवात आणि कुणाच्या तरी घरात किंवा स्टुडिओत. पहिल्यांदा जात असाल तर नाट्यगृहच निवडा. खुर्च्या स्टेजकडे तोंड करून असतात आणि तिसरी घंटा झाली की अंधार होतो. या दोन गोष्टींनीच निम्मा गोंगाट थांबतो.

बारमध्ये कलाकार जवळ असतो, पण ग्लास, ऑर्डरी आणि पाठमोऱ्या गप्पाही जवळच असतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात लॉरा गिब्सन ही गायिका एका बारमध्ये गात होती आणि गर्दीच्या बडबडीत एनपीआर या रेडिओच्या दोघांना ती नीट ऐकूच येईना. त्यांनी थट्टेत म्हटलं की तू आमच्या ऑफिसात टेबलापाशीच येऊन गा. ती खरंच आली, आणि आज जगभर पाहिली जाणारी ‘टायनी डेस्क’ मालिका त्यातून सुरू झाली. बारमधल्या गप्पांपायी एखाद्याची संध्याकाळ फुकट गेल्याची इतकी फलदायी गोष्ट दुसरी मला ठाऊक नाही. आपल्याकडे ती नुसतीच फुकट जाते.

महोत्सवात एकट्या गिटारवाल्याचे सगळ्यात जास्त हाल होतात, कारण शेजारच्या स्टेजवरचा ड्रम त्याच्या शांत जागांमध्ये घुसतो. २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एनएच सेव्हन वीकेंडर या महोत्सवानं आपल्या एका पिढीला स्वतंत्र संगीताची गोडी लावली हे खरं, पण आवडता गायक पहिल्यांदा एकटा ऐकायचा तर तिथं नको. घरगुती मैफलींचं उलट. २००९ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या सोफार साउंड्सच्या मैफली मुंबईतही होतात. जागा ऐनवेळी कळते, कलाकार कोण तेही आधी सांगत नाहीत, आणि लोक जमिनीवर बसून निमूट ऐकतात. तुमचा ठरावीक गायक मिळेलच असं नाही, पण ऐकायची सवय लावून घ्यायला यापेक्षा चांगली शाळा नाही.

तिकीट

छोट्या जागेतल्या सोलो मैफलीची तिकिटं फार थोडी असतात. मुंबईच्या पृथ्वी थिएटरमध्ये साधारण दोनशे माणसं बसतात. त्याहून लहान जागाही आहेत. म्हणून जाहिरात दिसल्यावर धावण्यापेक्षा आधीच कलाकाराच्या ईमेल यादीत नाव घाला. पहिली विक्री बहुतेकदा तिथल्या लोकांसाठी उघडते.

विक्रीच्या दिवशी ॲपमध्ये आधीच लॉगिन करून ठेवा, यूपीआय चालतंय ना ते बघा, आणि किती तिकिटं घ्यायची हे घरात आदल्या दिवशीच पक्कं करा. ‘थांब, वहिनीला विचारतो’ म्हणेपर्यंत रांग पुढे गेलेली असते. हे मी अनुभवानं सांगतोय.

किंमत बघताना शेवटचा आकडा बघा. ५०० रुपयांपर्यंतच्या मैफलीच्या तिकिटाला जीएसटी नाही. त्यावर गेलं की १८ टक्के लागतो, शिवाय ॲपचं शुल्क. कार्यक्रम बारमध्ये असेल तर वयाची अट वाचा. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं अशी मर्यादा असल्यानं अनेक जागा २१ च्या आतल्यांना दारातच अडवतात. कॉलेजातल्या पुतण्याला वाढदिवसाची भेट म्हणून तिकीट द्यायच्या बेतात असाल तर हे आधी तपासा.

संपलेली तिकिटं टेलिग्रामवर अव्वाच्या सव्वा भावात मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. एकच क्यूआर कोड चौघांना विकला जातो आणि आत पहिला पोचलेलाच जातो. त्यापेक्षा कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ॲप पुन्हा उघडा. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या खुर्च्या कधीकधी तेव्हा सुटतात.

कुठे बसायचं

मोठ्या बँडसाठी सल्ला ठरलेला असतो: साउंड इंजिनियरच्या टेबलाजवळ बसा, कारण तो स्वतःच्या कानांना बरं वाटेल असं मिसळत असतो. सोलोला हा सल्ला अर्धाच लागू. इथं पुढच्या तीन-चार रांगांमध्ये स्पीकरखेरीज गिटारचा स्वतःचा आवाज, बोटं तारेवरून सरकल्याची कुरकुर आणि पायाचा ठेकाही थेट ऐकू येतो. ही मजा मागे मिळत नाही.

आणि मध्यापासून थोडं तुमच्या डाव्या हाताला बसा. उजव्या हातानं वाजवणाऱ्याची गिटार प्रेक्षकांच्या उजव्या बाजूकडे जाते आणि तिचा दांडा बहुतेक वेळा जरा पुढे वळलेला असतो. त्यामुळे दांड्यावरची पट्टी, जिथं बोटं पडतात ती, डावीकडून उलगडून दिसते. उजवीकडे बसलात तर दांडा तुमच्याकडेच रोखलेला असतो आणि डाव्या हाताच्या बोटांऐवजी मनगट दिसतं. गायक डावखुरा असेल तर सगळं उलट करा.

पृथ्वीसारख्या तीन बाजूंनी प्रेक्षक असलेल्या रंगमंचावर समोरची बाजू धरा, आणि वेळेवर जा; तिथं उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत. मुंबईतल्याच एनसीपीए या कलाकेंद्राच्या टाटा थिएटरमध्ये मात्र मागची रांग मिळाली तरी चिंता नको. १९८० मध्ये उघडलेलं हे सभागृह फिलिप जॉन्सन या वास्तुविशारदाचं आणि त्याचं ध्वनीचं काम सिरिल हॅरिस यांचं. आपलं शास्त्रीय संगीत माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं, हाच तिथला हेतू होता.

आठवडाभर आधी

सगळी गाणी पाठ करायची गरज नाही. मी चार गोष्टी करतो. त्या गायकाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात नवा अल्बम एकेकदा सलग ऐकतो, दुसरं काही काम न करता. मग ज्या दोन-तीन गाण्यांवर जीव आहे त्यांचे शब्द वाचतो, कवितेसारखे, चाल डोक्यातून काढून. मग त्याच गाण्याचं एखादं थेट मैफलीतलं ध्वनिमुद्रण ऐकतो. आणि कुठली गाणी होणार याची यादी मुद्दाम बघत नाही. सेटलिस्ट डॉट एफएम या संकेतस्थळावर दौऱ्यातल्या आधीच्या रात्रींच्या याद्या मिळतात. पण पुढचं गाणं पहिल्या दोन सुरांत ओळखण्याचा आनंद त्यानं जातो.

प्रतीक कुहाडचं उदाहरण देतो, कारण आपल्याकडच्या तरुणांना हा प्रकार कळला तो बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. तो मूळचा जयपूरचा. न्यूयॉर्क विद्यापीठात गणित आणि अर्थशास्त्र शिकला. २०१५ मध्ये त्याचा पहिला पूर्ण अल्बम आला आणि २०१९ मध्ये बराक ओबामांनी वर्षातल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत त्याचं एक इंग्रजी गाणं घातलं. तो हिंदी आणि इंग्रजी दोन्हीत लिहितो. दोन्ही भाषांतली गाणी लागोपाठ ऐकलीत तर हिंदीत तो साध्या, बोलीतल्या शब्दांवर किती विसंबतो ते जाणवतं. ही गोष्ट आधी घरी टिपून ठेवली असेल, तर मैफलीत तो एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेला की आवाज कसा बदलतो हे कान आपोआप शोधतात.

त्या दिवशी

पोट भरून जा, पण मसालेभात आणि जिलेबी खाऊन नको. अंधार, एसी आणि हळू आवाजातली गिटार या तिघांनी मिळून माझ्या एका मित्राला दुसऱ्याच गाण्याला झोपवलं होतं, आणि तो घोरतो.

मैफल उघड्यावर असेल तर वेळ काटेकोर धरा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. कार्यक्रम उशिरा सुरू झाला तरी बहुधा संपणार दहालाच, म्हणजे कात्री लागते ती शेवटच्या गाण्यांना. बंद सभागृहाला ही अडचण नसते.

परतीचा रस्ता आधी ठरवा, नाहीतर शेवटची तीन गाणी घड्याळाकडे बघण्यात जातात. मुंबईत लोकल रात्री एकच्या सुमारापर्यंत मिळते, मेट्रो मात्र बरीच आधी बंद होते. रविवार असेल तर रेल्वेच्या मेगाब्लॉकची बातमी बघून निघा. पुण्याहून मुंबईला जाणाऱ्यांसाठी डेक्कन क्वीन कामाची नाही, ती संध्याकाळीच मुंबई सोडते. दादरहून शेवटची शिवनेरी किती वाजता आहे ते आधी काढून ठेवा, किंवा सरळ एखाद्या आत्याकडे मुक्काम ठोका.

गाडी नेत असाल तर पार्किंगसाठी अर्धा तास वेगळा धरा. एकदा मी तो धरला नव्हता. पहिली दोन गाणी मी एका थिएटरच्या बंद दाराबाहेर उभं राहून ऐकली, शेजारी माझ्यासारखेच आणखी चौघे. दारातून फक्त टाळ्या येत होत्या.

ऐकायचं काय

आता खरा भाग. बँड असतो तेव्हा कान कुठेही फिरला तरी काहीतरी हाती लागतं. एकट्या गिटारवर तसं होत नाही, म्हणून बऱ्याच जणांना तिसऱ्या-चौथ्या गाण्याला सगळं ‘सारखंच’ वाटायला लागतं. ते सारखं नसतं. कान कुठे ठेवायचा हे सांगतो.

पहिलं, अंगठा. बोटांनी तारा छेडणारा वादक उजव्या हाताच्या अंगठ्यानं खालच्या सुराच्या तारा आलटूनपालटून वाजवत असतो. हा त्याचा बास आणि हाच त्याचा तबला. उरलेली बोटं वर चाल किंवा झुळझुळ धरतात. एक पूर्ण गाणं फक्त अंगठा ऐका, गायकाकडे दुर्लक्ष करून. डग्ग्यासारखा ठेका कळायला लागला की “बाकीचे कधी येणार” हा प्रश्न उरत नाही.

दुसरं, कॅपो. गिटारच्या दांड्यावर लावतात तो चिमटा. तो लावला की सगळ्या तारा एकदम वरच्या पट्टीत जातात. आपल्याकडे गायक ‘काळी दोन’, ‘पांढरी चार’ म्हणतो आणि पेटीवाला सरकतो, तसंच. कॅपो वर सरकला की गिटार मेंडोलिनसारखी किणकिणते, आणि गळ्यालाही वरच्या जागा घ्याव्या लागतात. दोन गाण्यांच्या मध्ये तो कुठे सरकला यावर नजर ठेवा, पुढच्या गाण्याचा मिजाज आधीच कळतो.

तिसरं आणि माझ्या सर्वांत आवडीचं, तारांची लावणी, म्हणजे कुठली तार कुठल्या सुरात जुळवायची ते. गिटार नेहमी एकाच प्रकारे लावलेली नसते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला डेव्ही ग्रॅहम या इंग्रज वादकानं लोकप्रिय केलेली एक लावणी आहे: डी, ए, डी, जी, ए, डी. डीला षड्ज धरलात तर ती होते सा प सा म प सा. तंबोरा आठवला की नाही? मोकळ्या तारा मागे गुंजत राहतात आणि चाल त्यांच्यावर तरंगते. मराठी कानाला अशा लावणीतलं गाणं पहिल्या क्षणी ओळखीचं वाटतं, आणि का वाटलं ते कळत नाही. कारण हेच. कॅनडाच्या जोनी मिचेलला लहानपणी पोलिओ झाला होता. डाव्या हातात ताकद कमी, म्हणून नेहमीच्या पकडी अवघड. तिनं स्वतःच्या डझनावारी लावण्या शोधल्या. तिच्या गाण्यांतले ते अनपेक्षित, अधांतरी वाटणारे स्वरमेळ तिथून आले.

म्हणूनच स्टेजवर दोन-तीन गिटारी दिसतात. एक बिघडली तर दुसरी, हे एक. पण मुख्य म्हणजे प्रत्येक वेगळी लावलेली असते. एकच गिटार असेल तर त्याला मध्येच खुंट्या पिळाव्या लागतात. एसीच्या थंडीनं तार ताणली जाऊन चढते, दिव्यांच्या उष्णतेनं सैल होऊन उतरते, आणि पावसाळ्यात लाकूडही ओल धरतं. त्यामुळे तो पुनःपुन्हा सूर लावतो तेव्हा वैतागू नका. तंबोरे जुळेपर्यंत आपण बैठकीत बसतोच की.

त्याच वेळात तो बोलतो, आणि ते बोलणं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. गाणं कुठल्या खोलीत सुचलं, कुणावर राग काढला, कुठली ओळ तीन वर्षं अडली होती, हे अल्बमवर कधीच मिळत नाही. अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीननं २०१७-१८ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्टर कर थिएटरात २३६ प्रयोग केले, जवळजवळ एकट्यानं, गिटार आणि पियानोवर. त्यात आठवणी आणि गाणी इतकी सारख्या वजनाची होती की लोक त्याला नाटक म्हणायचे की मैफल, यावर वाद घालत. म्हणून गायक खुंट्या पिळत असताना शेजाऱ्याशी बोलायची सुट्टी झाली असं समजू नका. मध्यंतर झालं की बोलू, बटाटेवडा खाताना.

चौथं, गिटारचा आवाज कुठून येतोय ते बघा. पोटातून वायर निघत असेल तर घोडीखाली, म्हणजे तारा जिथं टेकतात त्या पट्टीखाली, बसवलेला पिकअप आहे. तो तारेचं कंपन पकडतो, आवाज खणखणीत येतो, पण जरा प्लास्टिकचा. समोर वेगळा माइक ठेवला असेल तर लाकडाचा खरा आवाज येतो, पण मग गायकाला हलता येत नाही आणि स्पीकरमधून शिट्टी वाजण्याचा धोका वाढतो. बरेच जण दोन्ही मिसळतात. पहिल्या गाण्याला आवाज जरा विचित्र वाटला तर नाराज होऊ नका. साउंडचेक रिकाम्या सभागृहात झालेला असतो. आता तिथं माणसं बसली, त्यांनी आवाज पिऊन घेतला, आणि इंजिनियर तुमच्या देखत सगळं पुन्हा जुळवत असतो.

आणि शेवटचं म्हणजे काय बदललं ते. अल्बमवर चार मिनिटांचं गाणं इथं सहा मिनिटांचं का झालं? पालुपदाआधी तो थांबला, तो श्वास होता की मुद्दाम? एकट्या माणसाला कुणाबरोबर जुळवून घ्यायचं नसतं, त्यामुळे तो हवा तिथं रेंगाळतो, हवी ती ओळ पुन्हा घेतो, एखादं कडवं गाळतो. ठुमरीत एकच ओळ चार प्रकारे म्हटलेली ज्यांनी ऐकलीय, त्यांना इथं फार काही नव्यानं शिकावं लागणार नाही.

दाद, गुणगुणणं आणि वन्स मोअर

इथं बैठकीची सवय जरा आवरायची. बैठकीत समेवर “वा!” म्हटलं की गायकाला बळ येतं, कारण तिथं सम पुन्हा येणार असते. इथं ओळीच्या मध्ये “क्या बात है” पडलं तर पुढचा शब्द बुडतो, आणि गोष्ट सांगणाऱ्या गाण्यात तो शब्द परत येत नाही. शेवटची तार विझेपर्यंतही थांबा. तार विझायला तीन-चार सेकंद लागतात आणि पहिला टाळीवाला नेहमी घाईत असतो.

टाळीचा ठेका धरायचा तर त्यानं स्वतः सुरू केल्यावरच. अडीचशे माणसांचा ठेका हळूहळू पळायला लागतो आणि तो बिचारा एकटा त्यामागे धावतो. सावरून घ्यायला ड्रमवाला नाही.

बरोबर गाणं हा नाजूक मामला. प्रतीकसारख्यांच्या मैफलीत लोक अख्खं गाणं म्हणतात आणि तो कधीकधी माइकपासून मागे सरून त्यांना म्हणू देतो. अशा वेळी खुशाल गा. एरवी ओठ हलवा, आवाज नको. शेजारचा माणूस तुमचं गाणं ऐकायला आलेला नाही, भले तुम्ही सुरेल असाल. आमच्या घरात तरी कोणी नाही.

फर्माईश दोन गाण्यांच्या मध्ये, एकदाच, फक्त गाण्याचं नाव घेऊन करा. त्यानं नुकतीच गिटार वेगळी लावली असेल तर तुमचं गाणं लगेच वाजणारच नाही, हे आता तुम्हाला कळलंय. तो हसून पुढे गेला तर सोडून द्या.

“वन्स मोअर”ची गंमत वेगळीच. संगीत नाटकात वन्स मोअर म्हणजे तेच पद पुन्हा. इथं शेवटी टाळ्यांनी बोलावून घेतात ते नव्या गाण्यासाठी. तो आत गेला, पण प्रेक्षागृहातले दिवे लागले नाहीत आणि गिटार स्टँडवरच आहे, तर बसून राहा. तो येणार आहे. दिवे लागले आणि मदतनीस वायरी गुंडाळायला लागला की उठा.

मोबाइल

पहिल्या गाण्यात एक फोटो, फ्लॅश बंद, मग फोन खिशात. बॉब डिलनच्या अलीकडच्या मैफलींत फोन दारातच कुलूपबंद पिशवीत घालून हाती देतात. अंधाऱ्या सभागृहात एक पडदा उजळला की मागच्या चार रांगांचे डोळे तिकडे जातात, गायकाचेसुद्धा. माझ्याकडे एका मैफलीतल्या अकरा चित्रफिती आहेत. सगळ्यांत पुढच्या गृहस्थांचं टक्कल उत्तम आलंय.

त्याऐवजी खिशात छोटी वही आणि पेन्सिल ठेवा. अंधारात अक्षर वेडंवाकडं येतं, पण गाण्याचं नाव आणि त्याआधी तो काय बोलला याचे दोन शब्द पुरतात.

अमेरिकेत असलेल्यांसाठी

तिथं राहणाऱ्या किंवा मुलांकडे गेलेल्या मंडळींनी नॅशव्हिलचं ब्लूबर्ड कॅफे चुकवू नये. १९८२ मध्ये सुरू झालेली, दुकानांच्या रांगेतली ही जेमतेम नव्वद खुर्च्यांची जागा. गीतकार मधोमध गोल करून बसतात आणि पाळीपाळीनं आपलं गाणं म्हणतात. दुसऱ्यांनी गाजवलेली गाणी मूळ लिहिणाऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळतात. बोलणाऱ्याला गप्प करणं हे तिथलं जाहीर धोरण आहे. आरक्षण उघडल्याबरोबर करावं लागतं. बॉस्टनकडे असाल तर हार्वर्डजवळचं क्लब पासिम. ते पूर्वी क्लब ४७ होतं आणि प्रसिद्ध गायिका जोन बाएझ अगदी तरुणपणी तिथं गायची.

संपल्यावर

लगेच दाराकडे धावू नका. सोलो कलाकार पुष्कळदा दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर टेबलापाशी येतो, रेकॉर्ड किंवा टी-शर्टवर सही करतो. भेटलात तर त्या रात्रीच्या एखाद्या ओळीबद्दल एक वाक्य बोला. “तुमचा खूप मोठा फॅन आहे” हे त्यानं तेवढ्यात चाळीस वेळा ऐकलेलं असतं. स्वतःच्या गाण्यांची पेन ड्राइव्ह देऊ नका, आणि रांग लांब असेल तर सेल्फीपुरतंच थांबा.

गाडीत बसल्या-बसल्या वहीत राहिलेली गाणी क्रमानं लिहून काढा. रात्र गेली की क्रम जातो. आणि त्याच गाण्यांची अल्बमवरची रूपं दोन दिवस लावू नका. माझी मावसबहीण दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना लावून बसली आणि तिनं मला बसमधून मेसेज केला: “दादा, यात हे ड्रम कुणी घातले?”